जुन्या बाजारातला लोखंडी रंधा: गंज निघाला, पण ढलपी काही निघेना

धुऱ्यावरचा

मंडळी, धागा लांबडा आहे. चहा घेऊन बसा.

मी आर्वी तालुक्यातला. धंदा शेती, नाद सुतारकामाचा, तोही दोनच वर्षांचा. यंदा तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा) भाचीला हातानं केलेला नंदी द्यायचा शब्द देऊन बसलो. बाजारात रंगवलेले नंदी ढिगानं येतात, पण पोरगी म्हणते, "मामा, तू केलेलाच पाहिजे." साग घरचाच आहे, पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचा. नव्हता तो रंधा.

तो सापडला आठवडी बाजारात. कबाड्यानं पोतं अंथरलं होतं, त्यावर कुलपं, पाने, सायकलचे पॅडल आणि त्यात हा. ६०० म्हणाला, ३५० ला दिला. लांबी १४ इंच, पातं २ इंच रुंद, वजन दोन किलोच्या वर. मागची मूठ चिरलेली, पितळी चाक हिरवं पडलेलं, बाकी सगळीकडे गंज.

आता केलं काय ते सांगतो, हसू नका. किराणा दुकानातलं व्हिनेगर टपात ओतून त्यात रंधा बुडवला. रात्रभर ठेवायचा होता. पण आठ दिवसांच्या झडीनंतर सकाळी ऊन पडलं आणि आम्ही सगळे फवारणीला पळालो. टप आठवला तिसऱ्या दिवशी. तळ काळाकुट्ट, बोट लावलं की बोटही काळं. धुतला, तर पुसेपर्यंत पुन्हा तांबूस. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून दोन तास घासला. चमकला बुवा! पातं चौकात विळे-कुऱ्हाडींना धार लावून देतात तिथं ग्राइंडरवर नेलं. धार आली, पण एक कोपरा निळा होऊन आला.

आणि एवढं करून सागावर लावला तर कडकड करत उड्या मारतो, तोंडात भुसा ठासून बसतो, आणि जिथं कापतो तिथं लाकूड ओरबाडून काढतो. पितळी चाक वाटेल तिकडे फिरतं, पातं ढिम्म. माझं नेमकं चुकलं कुठं?

शंकासुर_पेठी

फोटो दिसत नाहीत.

धुऱ्यावरचा

आता पाहा. गावात रेंज एका कोपऱ्यात येते, तिथं बकऱ्या बांधल्या आहेत, त्यामुळे वेळ लागला.

शंकासुर_पेठी

आता दिसले. पुढच्या मुठीच्या मागे ओतीव अक्षरं दिसतात, ती खडूनं घासून वाचता येतील का?

धुऱ्यावरचा

वाचली. "रेकॉर्ड", "०५" आणि "मेड इन इंग्लंड". खाचेत कुठंकुठं निळा रंग शिल्लक आहे.

लेथवाला_बुटीबोरी

मग ३५० मध्ये लॉटरी लागली समजा. रेकॉर्ड म्हणजे शेफिल्डची जुनी कंपनी, निळा रंग ही तिची ओळख. रचना मात्र मूळ अमेरिकेतल्या लेनर्ड बेली नावाच्या माणसाची. त्याचे हक्क स्टॅन्लीनं १८६९ मध्ये विकत घेतले आणि पुढे जगभर त्याच साच्यावर रंधे निघाले. त्यामुळे ५ नंबर म्हटलं की कुणाचाही असो, साधारण १४ इंचीच. आपल्याकडे त्याला जॅक प्लेन म्हणतात.

आता तुमच्या चुका, एकेक करून.

काळा तळ: बिडाच्या लोखंडात ग्रॅफाइट असतं. आम्लानं लोखंड खाल्लं, ग्रॅफाइट वर राहिलं, तेच हाताला लागतं. रात्रभर ठेवला असता तर एवढं झालं नसतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून मग कोरडा करायचा आणि लगेच तेल लावायचं. श्रावणातल्या हवेत उघडं लोखंड दहा मिनिटंही थांबत नाही.

पितळी चाक: ते बिघडलेलं नाही, त्याचे आटे डावे आहेत. मागून पाहून घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की पातं बाहेर येतं. दिशा बदलली की अर्धाएक फेरा ते मोकळंच फिरतं, तो दोष नव्हे. शेवटचा फेरा नेहमी पातं बाहेर काढायच्या दिशेनं घ्यायचा, म्हणजे कापताना पातं मागे सरकत नाही.

निळा कोपरा: हे मात्र वाईट. निळा रंग आला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि पोलाद मऊ पडलं. तेवढा भाग घासून काढावाच लागेल. ग्राइंडरवर घ्याल तर पातं उघड्या बोटांनी धरा, हातमोजा नको. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. घाई केली की निळं आणखी वर चढतं.

ठोकळ्यानं तळ घासायला नको होता. ठोकळा हातासोबत डुलतो, कडा गोल होतात.

मोटारवाला

एवढा खटाटोप कशाला? इलेक्ट्रिक प्लेनर घ्या, तीन-चार हजारांत मिळतो. एका दुपारी काम.

धुऱ्यावरचा

भाऊ, आमची लाइन दुपारी असते का ते आधी विचारा! आणि नंदीचे पाय वीतभर लांबीचे. एवढा तुकडा प्लेनरखाली धरायचा म्हणजे बोटं उधार मागून आणावी लागतील.

शब्दखोर

अवांतर: शब्द रंधा की रंदा? फारसीत रंदा, हिंदीतही रंदाच. मराठीनं द चा ध केला. धागाकर्त्यानं शीर्षकात रंधा लिहिलंय, ते बरोबरच आहे.

पऱ्हाटी

रंधा म्हणा का रंदा, तिकून भुसा निंगाला पायजे.

धुऱ्यावरच्या भौ, दोन दिवस आंबवला तू. रंधा होता का इडलीचं पीठ? माह्या आबाजीले वाचून दाखवलं तं थे दहा मिनिटं हासत होते. आमी वाढई. आबाजीनं जलमभर बंड्या केल्या, तिफनी, डवरे, जू, सारं. त्यायच्याजवळ लोखंडी रंधा एकबी नाही, सारे लाकडी, पातं तेवढं लोखंडाचं. पण थे म्हणतात का पातं सारखंच असते, नखरे वरच्या डब्याचे.

त्यायनं तीन गोष्टी इचारल्या. पयली, पात्याची पाठ पायली का? धार म्हंजे दोन बाजू भेटतात थे जागा. तू एकच बाजू घासून आणली. पाठीवर गंजाचे खड्डे असन तं धारेत तेवढे दात पडतात, मंग लाकूड ओरबाडणारच. सारी पाठ नोको घासू, धारेजवळची बोटभर आरशासारखी कर, बस. दुसरी, पातं उलटं तं नाही लावलं? उतार खाली पायजे, सपाट बाजू वर. तिसरी, पात्यावर जे दुसरी पट्टी बसते, थे पट्टी न् पातं चिपकवून उजेडात धरजो. मधातून उजेड दिसला का तिथंच भुसा घुसते.

धुऱ्यावरचा

पऱ्हाटी भाऊ, आबाजींना दंडवत सांगा. उतार खालीच आहे. आता उजेडात धरून पाहिलं. उजेड काय, नवीन नोट आरपार जाईल एवढी फट आहे.

लेथवाला_बुटीबोरी

मग तोंडात भुसा का ठासतो याचं उत्तर मिळालं. त्या पट्टीला कॅप आयर्न म्हणतात. तिची पुढची कड ऑइलस्टोनवर घासायची, पण मागचं टोक दगडाच्या पातळीपेक्षा थोडं खाली धरून. म्हणजे पात्याला फक्त तिची अगदी पुढची रेघ टेकते. वरची गोलाई पॉलिश केली तर ढलपी घसरत वर जाते.

उड्या मारण्याचं कारण बहुतेक फ्रॉग. पातं ज्या उतरत्या घोडीवर टेकतं तो भाग. त्याचे दोन स्क्रू सोडून खालचं बघा. जुना भुसा, तेल आणि गंज मिळून पोळीसारखा थर झालेला असतो. घोडी डुलली की पातं डुलतं.

तळासाठी जाड सपाट काच आणा, शोकेसची चालेल. कडप्प्याच्या ओट्यावर करू नका, तो डोळ्याला सपाट वाटतो, असतो असं नाही. काचेवर ओला-सुका पेपर चिकटवा, आधी १२०, मग २२०. तळावर पेननं आडव्या रेघा मारा आणि घासा. रेघा कुठं पुसल्या जातात ते बघत जा. एक गोष्ट विसरू नका, पातं आत ओढून पण लिव्हर कॅप (पातं वरून दाबून धरणारं झाकण) घट्ट बसवूनच घासायचं. कॅपचा दाब पडला की बॉडी केसभर वाकते, आणि काम करताना ती वाकलेलीच असते.

रेघा पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, इथल्या पुसल्या गेल्या की थांबा. मधे खोलगट डाग राहिले तर राहू द्या, लाकडाला ते कळत नाहीत.

मोटारवाला

इलेक्ट्रोलिसिसनं गंज निघतो ना? व्हिनेगरपेक्षा सोपं.

लेथवाला_बुटीबोरी

निघतो, आणि चांगलं लोखंड खाल्लं जात नाही हा फायदा. प्लास्टिकच्या टपात पाणी आणि धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. रंधा निगेटिव्हला, पॉझिटिव्हला लोखंडाचा टाकाऊ तुकडा. स्टेनलेस स्टीलचा चमचा लावायची अक्कल कुणी लढवू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे घरात नको, हायड्रोजन निघतो. पण चार्जरला वीज लागते. धागाकर्त्यानं लायनीबद्दल वर सांगितलंच आहे.

शंकासुर_पेठी

इंग्लंडचा रंधा आर्वीच्या बाजारात आला कसा? पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपमधला तर नसेल? वारसा म्हणून जतन करायला हवा. रंग वगैरे पूर्वीसारखा करून काचेच्या कपाटात ठेवा.

धुऱ्यावरचा

मलाही तसंच वाटायला लागलं होतं, म्हणून कबाड्याला पुन्हा गाठून विचारलं. तो म्हणाला, एका कापसाच्या जिनिंगच्या भंगारात आला. कोणती जिनिंग, कधीची, त्यालाही आठवत नाही. तेव्हा रेल्वे वगैरे आपल्या मनानं चिकटवायला नको. कपाटात ठेवायचा असता तर ३५० ला घेतला नसता, तेवढ्यात युरियाची बॅग येते.

धुऱ्यावरचा

आठ दिवसांनी अपडेट देतोय. मधे निंदणात गुंतलो होतो.

फ्रॉग सोडला. खाली खरंच पोळी! ब्लेडनं खरवडून काढली. तिच्यात एक सरकीचं बी सापडलं, म्हणजे जिनिंगची गोष्ट खरी असावी. (शंकासुर, हे बी मात्र मी कपाटात ठेवलंय.)

पात्याचा निळा कोपरा काढायला दोन संध्याकाळी लागल्या. ग्राइंडरकडे गेलोच नाही. हातानं, आधी दगडाच्या खडबडीत बाजूवर, मग बारीकवर. साधारण ३ मिलिमीटर पातं गेलं. उतार २५ अंशांचा ठेवून टोकाला अगदी बारीक ३० अंशांची कड दिली. पाठ बोटभर आरशासारखी केली. मिशी दिसत नाही, पण डोळे दिसतात.

शोकेसची काच वहिनीनं दिली नाही. मोटारपंपाच्या फुटलेल्या पॅनलची जाड काच होती, ती वापरली. पहिल्यांदा रेघा मारल्या तेव्हा माझ्या ठोकळ्याचे प्रताप दिसले. दोन्ही कडांच्या रेघा तशाच, मधल्या पुसलेल्या. माझ्याच हातांनी गोल केलेला तळ पुन्हा माझ्याच हातांनी सपाट करत बसलो. चार तास. पेपर सात गेले, रंध्याच्या किमतीच्या जवळपास.

आता कडुनिंबावर लावला तर अखंड ढलपी निघाली! पातळ, गुंडाळलेली, हातात घेऊन घरभर दाखवून आलो. आई म्हणाली, "ठीक आहे, पण गोठ्यातला भुसा याच्यापेक्षा कामाचा."

पण साग अजून त्रास देतो. फळीच्या एका टोकाकडून गुळगुळीत, मधे आल्यावर ओरबाडतो. आणि धार पंधरा मिनिटांत उतरते. पोलाद खराब आहे का?

पऱ्हाटी

पोलादाले नाव नोको ठेवू. सागात रेती असते भौ. आबाजी म्हणतात, साग रंधताना दगड बाजूलेच ठेवायचा, दर अर्ध्या घंट्यानं पातं काढायचं. बाभूळ कडक हाय, पण सागासारखी धार खात नाही.

मधात ओरबाडते म्हंजे लाकडाच्या रेघा तिथं पलटल्या. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाय, शेपटीकून डोक्याकडे. तसंच हे. फळीच्या कडेले पाय, रेघा वर चढत असन त्याच बाजूनं रंधा लोट. जिथं पलटतात तिथं तू पलट, फळी फिरव.

लेथवाला_बुटीबोरी

सागातली "रेती" खरी आहे, सिलिका असते त्यात. त्यामुळेच सॉ मिलवाल्यांचीही पाती त्यावर लवकर बोथट होतात.

आणि रेघा पलटतात तिथं कॅप आयर्न धारेच्या जवळ आणा. एरवी धारेपासून एक मिलिमीटर मागे ठेवतो, तिथं ती पाव मिलिमीटरवर न्या. म्हणजे ढलपी वर येताच मोडते, खालचं लाकूड सोबत उपटून आणत नाही. रंधा ढकलायला जड जाईल, पण ओरबाडणं थांबेल. मात्र आधी तुमची पट्टी नीट बसलेली पाहिजे. फट असताना जवळ आणली तर पुन्हा भुसाच ठासेल.

मोटारवाला

मी इथं इलेक्ट्रिक प्लेनर सुचवायला आलो होतो. आता आजोबांचा लाकडी रंधा माळ्यावर शोधतोय.

धुऱ्यावरचा

पाव मिलिमीटरनं काम केलं. डोळ्यानं मोजता येत नाही, म्हणून पट्टीपुढे पात्याची चमकती रेघ जेमतेम दिसेल एवढी ठेवली. फळी मधून फिरवली. अजून एका गाठीजवळ ओरबाडते, तिथं नंदीच्या पोटाची खालची बाजू येईल असं आखून घेतलं.

आता मूठ. मधोमध चीर आहे, पण तुकडा हरवलेला नाही. नवीन सिसमाची करावी असा विचार होता, शिवणीचा तुकडाही आहे. काय करू? आणि तिचा लांब रॉड वाकलाय, हार्डवेअरमध्ये तसल्या आट्यांचा बोल्ट नाही म्हणतात.

लेथवाला_बुटीबोरी

रॉड फेकू नका! या रंध्यांचे आटे आजच्या मिलिमीटर मापात बसत नाहीत. दुकानातला बोल्ट जबरदस्तीनं फिरवला तर बिडातले आटे जातील, मग कायमचं दुखणं. रॉड लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरून हळूहळू सरळ करा, हातोडी थेट आट्यांवर नको.

पऱ्हाटी

मूठ जुनीच ठेव. आबाजीनं फोटो मोठा करून पायला. म्हणतात, ज्यानं वापरला त्याचा आंगठा मोठा होता, मुठीले खळगा पडला. नवी करशीन तं तुह्या हाताले फोड येतीन, खळगा पडाले वीस वर्षं लागतात. चिरेत इपॉक्सी भर न् सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कच्चून गुंडाळ. वाकड्या वस्तूले शिकंजा धरत नाही, ट्यूब धरते.

धुऱ्यावरचा

ट्यूबनं छान धरलं. चीर आता बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसते. मुठीला घरचं जवसाचं तेल चोळलं, तीन दिवसांत तीन हात. एकदम तजेला आला. उरलेलं तळाला आणि बाजूंना पण लावलं.

लेथवाला_बुटीबोरी

लोखंडावरचं लगेच पुसा. जवस हवेत सुकून त्याचा चिकट थर होतो, मुठीवर तेच हवं असतं पण तळावर नाही. तळाला शिलाई मशीनचं तेल. आणि ज्या चिंधीनं जवस चोळलं ती गोळा करून कोपऱ्यात टाकली असेल तर आत्ता उठून बाहेर नेऊन दोरीवर पसरा. सुकताना ती तापते. गोळा असेल तर उष्णता बाहेर जात नाही आणि आपोआप पेट घेते. ही भीती घालायची गोष्ट नाही, खरंच होतं.

धुऱ्यावरचा

चिंधी कुटाराच्या (वाळल्या चाऱ्याच्या) कोठ्यात होती. आता दोरीवर आहे. धन्यवाद हा शब्द लहान पडतो.

शब्दखोर

वाचनखूण साठवली. नंदीचे फोटो आल्याशिवाय धागा बंद होऊ नये.

धुऱ्यावरचा

तान्हा पोळा झाला. फोटो टाकलेत, यावेळी बकऱ्या हलवून.

नंदीला रंग दिला नाही, सागाचाच ठेवला. पाठ रंध्यानं केली, पाय पटाशीनं, शिंगं मात्र कानशीनं. चाकांना शिवण. मिरवणुकीत एक शिंग मोडलं, कारण मी लाकडाच्या रेघा आडव्या ठेवल्या होत्या. पऱ्हाटी भाऊ, आबाजींना हे सांगू नका. भाचीनं मोडक्या जागी झेंडूचं फूल खोचलं आणि बोजारा (नंदीची खुशी) मागायला सगळ्या गल्लीत फिरवला. १४० रुपये जमले. मला त्यातले दहा मिळाले, रंध्याचे म्हणून.

पऱ्हाटी

आबाजीले फोटो दाखवला, शिंग त्यायनं पयलेच हेरलं. काई बोलले नाही, हासले फक्त. मंग म्हणे, त्या पोराले सांग, लोखंडी रंधा बरा हाय, पण पावसाळ्यात गंजते न् सागावर जड जाते. लाकडी करून देतो. पातं तुह्यं आणजो जुनं कोणतंबी, ठोकळा मातर बाभळीचा पायजे. दोन-तीन वर्षं वाळलेला, चीर नसलेला, वीत-दीड वीत लांब. त्यायचे डोळे आता बारीक कामाले साथ देत नाही, म्हणून खाच तुले कोरा लागन, थे सांगतीन.

धुऱ्यावरचा

ठोकळा आहे. धुऱ्यावरची बाभूळ तीन वर्षांपूर्वी वादळात पडली, तिचं खोड गोठ्याच्या मागं तसंच पडून आहे. उद्या कापून पाहतो आत कशी निघते. सोयाबीन कापणीला यायच्या आधी एक दिवस काढून येतो. गावाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.